दिवा विझवणं म्हणजे खोटं बोलणं का?

जुनी गाडी विकताना माणूस खोटं बोलला, असं आपण कधी म्हणतो? ‘अपघात झालेला नाही’ असं त्यानं सांगितलं आणि झालेला असला, तर ते खोटं. ‘पन्नास हजार किलोमीटर चालली आहे’ असं सांगितलं आणि मीटर मागे फिरवलेला असला, तर तेही खोटं. पण समजा, मालक काहीच बोलला नाही. गिऱ्हाईक यायच्या आधी त्यानं डॅशबोर्डवरचा एक पिवळा दिवा तेवढा विझवला. गाडीतला दोष होता तसाच आहे, दिवा मात्र लागत नाही. मालकाच्या तोंडून एकही खोटा शब्द गेलेला नाही. मग तो खोटं बोलला का?

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. माझ्याकडे काडेपेटीएवढा एक ब्लूटूथ स्कॅनर आहे. तो स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये खोचला की गाडीचा कॉम्प्युटर माझ्या फोनवर बोलायला लागतो. त्यामुळे नात्यात मी आपोआप गाड्यांचा डॉक्टर झालो आहे. फोन येतात. ‘लाईट आलाय, बघ ना जरा’ असं म्हणणारे निम्मे. उरलेले म्हणतात, ‘लाईट आलाय, तेवढा घालव ना.’ या दोन वाक्यांत किती अंतर आहे, त्याचा विचार मी बरेच दिवस करतो आहे.

आधी तो दिवा काय म्हणतो ते बघू.

चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू व्हायच्या आधी डॅशबोर्डवरचे बरेचसे दिवे एकदम लागतात. बॅटरी, ऑईल, एअरबॅग, एबीएस, इंजिन. हे सजावटीसाठी नसतं. प्रत्येक दिवा हजेरी देत असतो : मी जिवंत आहे, वेळ आली तर पेटू शकतो. मग एकेक विझत जातो. ज्याला तक्रार आहे तो लागलेला राहतो. लाल दिवा म्हणजे थांबा, आत्ता. ऑईलचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला, तर इंजिन बंद करायला मिनिटभरही उशीर परवडत नाही. पिवळा म्हणजे लक्ष द्या, लवकर तपासून घ्या. इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला, तर सिलिंडरमधलं पेट्रोल नीट पेटत नाही आणि ते न जळलेलं पेट्रोल पुढे जाऊन सायलेन्सरच्या वाटेवरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळू शकतं. असा दिवा लुकलुकताना घाट चढायचा नसतो.

पण दिवा निकाल देत नाही. तो तक्रार नोंदवतो. हा फरक गॅरेजमध्येसुद्धा पुष्कळदा विसरला जातो.

विजेचं उदाहरण घ्या. सकाळी गाडी सुरू केली आणि डॅशबोर्डवर दिवाळी झाली : एबीएस, स्टिअरिंग, एअरबॅग, सगळे एकदम. माणूस घाबरतो, चार दुरुस्त्यांचा खर्च डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात चार यंत्रणा एकाच सकाळी बिघडणं जवळजवळ अशक्य असतं. कारण बहुधा एकच असतं, व्होल्टेज कमी पडतंय. चांगली भरलेली बॅटरी गाडी उभी असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, इंजिन चालू असताना १४ च्या आसपास. त्यापेक्षा बरंच कमी मिळालं, की प्रत्येक छोटा कॉम्प्युटर आपापली तक्रार लिहितो. स्टिअरिंगची विजेची मोटर तर सगळ्यात आधी कुरकुरते, कारण तिची भूक मोठी.

किंवा बॅटरीचं चित्र असलेला लाल दिवा. चित्र बॅटरीचं, म्हणून लोक बॅटरी बदलून मोकळे होतात. पण तो दिवा सांगत असतो की बॅटरी चार्ज होत नाही. दोष अल्टरनेटरमध्ये असेल, सैल झालेल्या पट्ट्यात असेल, गंजलेल्या एखाद्या जोडात असेल. नवी बॅटरी दोन दिवस चालते, मग तीही उतरते. चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन आधी मल्टिमीटर काढतो. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूला लावतो आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगतो. दोन्हीकडे अर्थिंगच आहे, मग मध्ये फरक जवळजवळ शून्य हवा. व्होल्टभर फरक दिसला, तर अर्थिंगची पट्टी गंजली आहे आणि वीज वाटेतच अडते आहे. खर्च पट्टीचा आणि पॉलिश पेपरचा. ज्यानं मीटर काढला नाही, तो अंदाजानं एकेक भाग बदलत राहतो, आणि बिल आपण भरतो.

म्हणून माझी पहिली समजूत अशी झाली : खरं सांगण्याच्या आधी खरं शोधावं लागतं, आणि शोधायला कष्ट पडतात. ‘कोड अमुक आला’ एवढं सांगणं म्हणजे सत्य सांगणं नव्हे. ते सत्याच्या वाटेवरचं पहिलं पाऊल आहे.

•

आता पुसण्याबद्दल.

स्कॅनरच्या ॲपमध्ये एक बटण असतं. ते दाबलं की नोंदवलेले कोड जातात, दिवा विझतो. काही सेकंदांचं काम. बऱ्याच गाड्यांत तर बॅटरीची तार थोडा वेळ काढून ठेवली तरी तेच होतं. दोष खरा असेल, तर दिवा परत येतो, पण लगेच नाही. अनेक दोषांच्या बाबतीत कॉम्प्युटर एका फेरीवर विश्वास ठेवत नाही. लागोपाठ दोन फेऱ्यांत तोच दोष दिसला, तरच तो दिवा लावतो. म्हणजे पुसल्यानंतर काही तास, कधी काही दिवस, गाडी अगदी सोज्वळ दिसते. टेस्ट ड्राईव्हला तेवढं पुरतं.

मला यात गंमत वाटते ती गाडीच्या प्रामाणिकपणाची. कोड पुसले, तरी आपल्याला विसरायला लावलं गेलंय हे गाडी विसरत नाही. कॉम्प्युटर स्वतःच्या काही चाचण्या नेहमी करत असतो आणि त्या पूर्ण झाल्या की नाही याची यादी ठेवतो. कोड पुसले की ही यादी कोरी होते. बऱ्याच गाड्यांत ‘कोड पुसल्यापासून किती किलोमीटर झाले’ हाही आकडा असतो. तेव्हा जुनी गाडी घ्यायला जाल तर स्कॅनर लावून ‘कोड नाहीत’ एवढंच बघून परत येऊ नका. चाचण्या पूर्ण झाल्यात का ते बघा. सगळ्याच अपूर्ण असतील आणि आकडा दहा किलोमीटरचा असेल, तर मालकाला विचारा. कदाचित कालच बॅटरी बदलली असेल. हा पुरावा नाही, पण विचारण्याजोगा प्रश्न नक्की आहे.

यंत्र बनवणाऱ्यांनी ही सोय का ठेवली असेल? मला वाटतं, त्यांना माणसं माहीत होती.

•

दोन वर्षांपूर्वी नाशिकच्या मामांनी गाडी विकायला काढली. २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक. मामांचं शाळेजवळ वह्यापुस्तकांचं दुकान आहे. मामेबहिणीला पुण्यात प्रवेश मिळाला होता, हॉस्टेलचे पैसे भरायचे होते, लॅपटॉप घ्यायचा होता. गाडीत तो पिवळा दिवा होता. मी स्कॅनर लावला. कोड आला पी ०४२०.

या कोडचा अर्थ असा : कॅटॅलिटिक कन्व्हर्टर पाहिजे तेवढं काम करत नाही. सायलेन्सरच्या वाटेवर एक डबा असतो, त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा महाग धातूंचा पातळ थर असतो. इंजिनातून निघणारा कार्बन मोनॉक्साईड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साईडं यांचं तो बऱ्याच अंशी कमी घातक वायूंत रूपांतर करतो. डब्याच्या आधी एक ऑक्सिजन सेन्सर, नंतर एक. आधीच्या सेन्सरचा आलेख सारखा वरखाली होत असतो. डबा धडधाकट असेल, तर नंतरच्याचा आलेख बराचसा संथ असतो. तोही पहिल्यासारखाच नाचायला लागला, म्हणजे डबा नावापुरता उरला. पण हाच कोड सायलेन्सरला चीर गेली तरी येऊ शकतो, मागचा सेन्सर म्हातारा झाला तरी येऊ शकतो. आम्ही ओळखीच्या गॅरेजमध्ये गाडी नेली. चीर नव्हती. सेन्सर ठीक होता. डबा गेला होता. नवा टाकायचा तर सर्व्हिस सेंटरनं चाळीस हजारांच्या वर खर्च सांगितला.

“गाडी तर चांगली पळते,” मामा म्हणाले. ते खरं होतं. पिकअपमध्ये, ॲव्हरेजमध्ये काही फरक नव्हता.

“पळते, मामा.”

“पीयूसी पण मिळालीय.”

“मिळाली असेल.”

“मग तेवढा लाईट घालव. रविवारी माणूस बघायला येणारे.”

मी म्हटलं, “मामा, गाडी तुमची आहे, विकायची कशी ते तुम्ही ठरवा. पण मी नाही पुसणार.”

मामा चिडले नाहीत. ते दुकानदार आहेत, त्यांनी हिशेब मांडला. “अरे, बाजारात उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीचा लाईट कुणीतरी घालवलेलाच असतो. गिऱ्हाईक पण दूधखुळं नसतं. तो धरूनच चालतो की काहीतरी असणार, म्हणून आधीच वीस-तीस हजार कमी सांगतो. आता मी लाईट दाखवला, तर तो आणखी तीस कमी करणार. म्हणजे लबाडांच्या नावाचा दंडपण मी भरायचा आणि खरेपणाचापण मीच?”

मला त्या वेळी याचं उत्तर देता आलं नाही. आजही हा युक्तिवाद मला कच्चा वाटत नाही.

निर्णय शेवटी मामींनी घेतला. बघायला येणारा तरुण मामांच्या दुकानाजवळच्याच शाळेत मास्तर होता. मामी म्हणाल्या, “तो रोज दुकानावरून जाणार. रोज त्याच्याकडे बघायचंय आपल्याला. सांगून टाका.” मामांनी सांगितलं. कोडचा स्क्रीनशॉटही दाखवला. गाडी ठरवल्यापेक्षा पंचवीस हजारांनी कमी गेली. माझ्या तत्त्वाचं बिल मामांच्या नावानं फाटलं. नंतर मी निम्मे पैसे लॅपटॉपसाठी द्यायला गेलो, तर मामांनी नको म्हटलं आणि मामींनी घेतले. दोघांचंही मला बरोबर वाटलं.

•

मामांशी झालेला वाद फार जुना आहे, हे मला नंतर कळलं. इसवीसनपूर्व ४४ मध्ये, सीझरच्या खुनानंतरच्या धामधुमीत, सिसेरोनं आपल्या मुलासाठी कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्याच्या तिसऱ्या भागात तो दोन उदाहरणं घेतो. ऱ्होड्‌स बेटावर दुष्काळ आहे. अलेक्झांड्रियाहून एक व्यापारी धान्याचं जहाज घेऊन येतो. मागून आणखी जहाजं येताहेत हे त्यानं वाटेत पाहिलंय. त्यानं ते लोकांना सांगावं, की गप्प राहून चढ्या भावानं माल विकावा? दुसरं उदाहरण घराचं. एक माणूस घर विकतोय. घर रोगट आहे, लाकूड किडकं आहे, खोल्याखोल्यांत साप निघतात. हे फक्त मालकाला माहीत आहे.

स्टोईक पंथाचा डायोजिनीस म्हणतो, न सांगणं वेगळं आणि लपवणं वेगळं. मालकानं तुला घ्यायला भाग पाडलं का? त्याला नको होतं ते त्यानं विकायला काढलं, तुला हवं होतं ते तू घेतलंस. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, छे. वाट चुकलेल्याला वाट न दाखवणं जसं वाईट, तसंच हे. सिसेरो दोघांचं ऐकतो आणि अँटिपेटरच्या बाजूनं कौल देतो. त्यानं लपवण्याची केलेली व्याख्या माझ्या शब्दांत अशी : प्रत्येक गप्प बसणं म्हणजे लपवणं नाही. पण जी गोष्ट कळण्यात समोरच्याचं हित आहे, ती त्याला कळू नये अशी इच्छा तुम्ही तुमच्या फायद्यासाठी धरलीत, तर ते लपवणं.

ही व्याख्या दिव्याला लावून बघा. दिवा पेटलेला असताना मालक गप्प बसला असता, तर डायोजिनीसला बोलायला जागा होती : दिवा समोर आहे, विचारायचं होतंस. पण दिवा विझवणारा गप्प बसलेला नसतो. जो आधीच बोलत होता, त्याचं तोंड त्यानं दाबलेलं असतं. शिवाय विझलेला डॅशबोर्ड काहीच म्हणत नाही असंही नाही. चावी फिरवल्यावर दिवे लागतात आणि विझतात, तेव्हा गाडी म्हणते, ‘तपासलं, ठीक आहे.’ मालकानं हे वाक्य स्वतः उच्चारलं नाही, गाडीकडून वदवून घेतलं. म्हणून पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर आहे : हो, तो खोटं बोलला. शब्द नव्हते एवढंच.

मग मामांच्या हिशेबाचं काय? तोही कुणीतरी आधी मांडून ठेवला होता. १९७० मध्ये जॉर्ज अकर्लोफ या अर्थशास्त्रज्ञानं जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला. विकणाऱ्याला गाडी माहीत असते, घेणाऱ्याला नसते. घेणारा म्हणून सरासरी धरून भाव सांगतो. चांगल्या गाडीच्या मालकाला तो भाव परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो. मग बाजारात वाईट गाड्यांचं प्रमाण वाढतं, सरासरी आणखी घसरते, भाव आणखी पडतो. या कामासाठी अकर्लोफना २००१ मध्ये इतर दोघांबरोबर नोबेल मिळालं. मामांनी तोच सिद्धान्त दुकानाच्या गल्ल्यावर बसून सांगितला होता.

पण हा सिद्धान्त नीट वाचला, तर तो पुसणाऱ्याच्या बाजूनं साक्ष देत नाही. ‘सगळेच पुसतात म्हणून भाव पडलेला आहे’ हे वर्णन म्हणून खरं आहे. ‘म्हणून मीही पुसतो’ हा त्यातून निघणारा निष्कर्ष नाही. तो भाव पाडण्यातला माझा हप्ता आहे. आणि पुढच्या प्रामाणिक माणसाचा दंड मी थोडा वाढवून ठेवतो.

तरीही मामांचा एक मुद्दा उरतोच. प्रामाणिकपणाची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. पगारदार भाच्याला तत्त्व स्वस्त पडतं, दुकानदार मामांना महाग. म्हणून दुसऱ्याला खरं बोलायचा आग्रह करणाऱ्यानं, त्या खऱ्याचं बिल कोण भरणार आहे, ते आधी बघावं आणि जमेल तेवढा वाटा उचलावा. हे केल्याशिवाय केलेला उपदेश मला स्वतःलाच ऐकवत नाही.

•

इथे कुणी म्हणेल, मला दोष माहीतच नव्हता तर? मेकॅनिक म्हणाला ‘काही नाही, सेन्सरचा लाईट आहे’, मी विश्वास ठेवला, पुसला, विकली.

१८७७ मध्ये विल्यम क्लिफर्ड नावाच्या गणितज्ञानं नेमक्या या माणसाबद्दल लिहिलं. एका जहाजमालकाला शंका येते की आपलं जहाज जुनं झालंय, दुरुस्ती लागेल. पण दुरुस्ती महाग. मग तो स्वतःची समजूत काढतो : इतक्या सफरी झाल्या, हीही होईल. शंका हळूहळू विरते. तो अगदी मनापासून विश्वास ठेवतो आणि प्रवाशांनी भरलेलं जहाज रवाना करतो. ते बुडतं. क्लिफर्ड म्हणतो, त्याचा विश्वास खरा होता हे मान्य, पण तसा विश्वास ठेवायचा हक्कच त्यानं मिळवलेला नव्हता. आणि जहाज सुखरूप पोचलं असतं, तरी त्याचा दोष तसूभरही कमी झाला नसता.

‘सेन्सरचा लाईट आहे’ हे वाक्य मी पुष्कळ ऐकलंय. कधीकधी ते खरंही असतं. पण मीटर लावून, आलेख बघून ते म्हटलं असेल, तर ती माहिती. न बघता म्हटलं असेल, तर ती सोय. आपल्याला हवं तेच उत्तर देणारा मेकॅनिक शोधणं आणि जहाजमालकासारखी स्वतःची समजूत काढणं यात मला फार फरक दिसत नाही.

याचं सगळ्यात भयानक रूप एअरबॅगमध्ये दिसतं. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या गाडीत चालकासाठी एअरबॅग सक्तीची आहे. अपघातात एअरबॅग उघडली, की ती बदलावी लागते आणि ती महाग असते. मग काही ठिकाणी एअरबॅगच्या जागी एक छोटा रेझिस्टर जोडतात. कॉम्प्युटरला तारेत अपेक्षित तेवढा रोध मिळतो, तो समाधानी होतो, दिवा विझतो. स्टिअरिंगच्या मागे मात्र काहीच नसतं. रेझिस्टरची किंमत काही रुपये. ते जोडणाऱ्याला नंतर कधी रात्री जाग येते का, मला खरंच कुतूहल आहे. बहुधा येत नसावी, कारण अपघात झालाच तर तो दुसऱ्याच गावात होतो, आणि दिव्याची आठवण कुणालाच नसते.

•

मग दिवा कधीच विझवू नये का? माझा पेशाच मला असं म्हणू देत नाही.

आमच्या कामात सर्व्हरवर पहारा ठेवणाऱ्या यंत्रणा असतात. काही बिघडलं, की ज्याची पाळी आहे त्याचा फोन वाजतो, रात्री तीनलासुद्धा. यातल्या बऱ्याच हाका फुकट असतात. आणि फुकटच्या हाका निरुपद्रवी नसतात. लांडगा आला रे आला ऐकून ऐकून माणूस उठायचा थांबतो, आणि मग खरा लांडगा येतो. म्हणून आम्ही काही इशारे मुद्दाम बंद करतो, आणि ते योग्यच असतं. पण त्याची एक पद्धत आहे. बंद करणाऱ्याचं नाव लिहायचं, कारण लिहायचं, आणि किती तारखेपर्यंत ते लिहायचं. तारीख आली, की इशारा आपोआप परत सुरू. पुढच्या पाळीचा माणूस हे सगळं वाचू शकतो.

गाडीचंही तसंच आहे. दुरुस्ती केल्यावर कोड पुसावाच लागतो, दोष परत येतो का ते त्याशिवाय कसं कळणार? तेच बटण, तीच क्रिया. मेकॅनिक दुरुस्तीनंतर दाबतो तेव्हा तो यंत्राला विचारतो, ‘आता सांग, बरं आहे का?’ आणि विकणारा दाबतो तेव्हा म्हणतो, ‘रविवारपर्यंत गप्प बस.’ फरक बटणात नसतो. पुसल्याची गोष्ट तुम्ही पुढच्या माणसाला मोकळेपणी सांगू शकता का, यात असतो. मला सापडलेली ही एकमेव कसोटी आहे, आणि ती सर्व्हरला, गाडीला आणि घरातल्या बऱ्याच गोष्टींना चालते.

•

शेवटी त्या पी ०४२० बद्दल, कारण खरा अवघड प्रश्न तिथे आहे. आत्तापर्यंत आपण विकणारा आणि घेणारा या दोघांबद्दल बोललो. पण समजा, गाडी विकायचीच नाही. माझीच आहे, मीच चालवणार. डबा गेलाय. गाडी मस्त पळते. दिवा विझवला तर मी कुणाला फसवलं?

या दिव्याचा इतिहास बघितला, की उत्तराची दिशा दिसते. गाडीनं स्वतःचे दोष स्वतः नोंदवावेत ही सक्ती आधी कॅलिफोर्नियात झाली, लॉस एंजेलिसच्या धुरक्यानं हैराण झालेल्या राज्यात. १९९६ पासून अमेरिकेतल्या सगळ्या नव्या गाड्यांना ती प्रमाणित रूपात लागू झाली. भारतात ती चारचाकींना २०१० पासून टप्प्याटप्प्यानं आली. हेतू मुख्यतः हवेचा होता. म्हणजे तो पिवळा दिवा माझ्या गाडीत बसून बऱ्याचदा माझ्याबद्दल बोलतच नसतो. तो माझ्या मागे स्कूटरवर सिग्नलला थांबलेल्या बाईबद्दल बोलत असतो, चौकातल्या वाहतूक पोलिसाबद्दल बोलत असतो. मला काहीच त्रास होत नाही, नेमकं म्हणूनच दिवा लागतो. त्रास मला झाला असता, तर दिव्याची गरज पडली नसती, मी स्वतःच गॅरेजला पळालो असतो.

मोठ्या प्रमाणावर हाच खेळ झाला, तेव्हा काय झालं ते जगानं २०१५ मध्ये पाहिलं. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांतलं सॉफ्टवेअर चाचणी चालू आहे हे ओळखायचं आणि तेवढ्यापुरतं स्वच्छ वागायचं. रस्त्यावर आल्यावर नायट्रोजनची ऑक्साईडं मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत जायची. जगभरातल्या सुमारे १.१ कोटी गाड्या. त्यातल्या एका इंजिनिअरला २०१७ मध्ये ४० महिन्यांची कैद झाली. ही बातमी मी माझ्या पेशाची बातमी म्हणून वाचतो. तिथेही तोंडानं खोटं बोलायची गरज बहुतेकांना पडली नसेल. कुणीतरी एक अट लिहिली असेल, कुणीतरी ती तपासून ‘ठीक आहे’ म्हटलं असेल.

आपल्या एका गाडीचा डबा म्हणजे त्या मानानं काहीच नाही, हे मला कळतं. चाळीस हजार रुपये ज्याच्याकडे नाहीत, त्यानं उद्याच्या उद्या तो बदलावा असं मी म्हणणार नाही. पण पैसे नसणं हे दुरुस्ती लांबवण्याचं कारण आहे, दिवा विझवण्याचं नाही. पेटलेला दिवा घेऊन गाडी चालवणाऱ्याला निदान रोज आठवण होते की आपण कुणाचं तरी देणं लागतो. देणं आज फेडता येत नसेल, पण वहीत लिहिलेलं तरी राहतं. दिवा विझवणारा वहीचं पानच फाडतो, आणि थोड्या दिवसांनी त्याला स्वतःलाही खरंच वाटायला लागतं की आपण कुणाचं काही लागत नाही.

तुमच्या गाडीत आत्ता असा एखादा दिवा असेल, तर या आठवड्यात स्कॅन करून घ्या. कदाचित इंधनाच्या टाकीचं झाकणच सैल असेल, तोही एक कोड असतो. आणि दोष खरा निघाला, दुरुस्ती आज जमत नसली, तर तो कोड आणि आजची तारीख एका कागदावर लिहून आरसीच्या पाकिटात ठेवून द्या. पुढच्या माणसाला तो कागद सापडेल. तोवर तो तुम्हालाही सापडत राहील.